टाचणी डाव्या बाजूला होती

ताई चष्मा कधी एका हाताने काढत नाही. टोपी उतरवावी तसा दोन्ही हातांनी काढते.

दुसऱ्याच्या काचेवर डाग दिसला की विचारत नाही. चष्मा त्याच्या नाकावरून उचलते, ॲप्रनच्या टोकाने पुसते, परत नाकावर ठेवते. मग ते गिऱ्हाईक असो की मालक.

घराला कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघते. जिना उतरते. परत चढून चौथ्यांदा ओढते.

ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की मशीन बंद करते आणि आवाज कुठल्या दिशेला गेला ते ऐकते. त्या दिशेला नवऱ्याचं काम नसेल तर मशीन पुन्हा चालू. असेल तर आधी फोन.

रविवारी फोन पालथा ठेवत नाही.

कुत्रीला ‘अगं बाई’ म्हणते, नवऱ्याला ‘अहो’ आणि मला ‘बी.ए.’

साहित्य घेऊन बी.ए. झाले आणि चष्म्याच्या दुकानात काउंटरवर लागले, म्हणून ते नाव. ताई सख्खी नव्हे; तिथेच मागच्या खोलीत काचा घासते. बावीस वर्षं हेच काम. काच येते तेव्हा गोल असते, बशीसारखी. ती फ्रेमच्या आकाराची करायची. आधी उजवी, मग डावी. मशीन बरंचसं करतं, पण शेवटची कड ताई हाताने चाकावर धरून काढते. चाकावर पाणी सुटत असतं. तिच्या बोटांची टोकं कायम सुरकुतलेली असतात.

खोलीत एक स्टूल, एक खिडकी आणि एक गोणपाट. गोणपाटावर टाचणी. टाचणी म्हणजे ताईची कुत्री. पाच किलोची, तपकिरी, टोकदार नाकाची. घरी एकटी ठेवली की रडते, म्हणून दुकानात येते. मालकांनी परवानगी दिली, पण एका अटीवर.

“गिऱ्हाइकासमोर यायला नको,” मालक म्हणाले होते.

“गिऱ्हाइकाला चष्म्याशिवाय दिसते कुठे ती,” ताई म्हणाली. मालक हसले. टाचणी राहिली.

ताईच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा बसायला जागा शोधावी लागली. दोन खोल्या आणि तीन सायकली. दोन भिंतीवर टांगलेल्या, एक पलंगाच्या पायथ्याशी उभी.

“या माझ्या सवती,” ताई म्हणाली. “मोठ्या दोघी वर असतात. धाकटी आमच्यात झोपते.”

“मेव्हणीबाई, हिचं ऐकू नका,” भाऊजी म्हणाले. ते उलट्या चाकात तेल घालत होते. “मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आठवडाभर वर-खाली, वर-खाली. रविवारी तरी सरळ जाऊ दे की!”

सरळ म्हणजे शंभर किलोमीटर. कधी दोनशे. प्रत्येक थांब्यावरून ते फोन करत. बोलणं एकच.

“पोचलो.”

“पाणी प्यायलात?”

“प्यायलो.”

एवढंच. ताई फोन ठेवायची आणि तिचे खांदे खाली यायचे. तेव्हा कळायचं की ते वर होते.

तीन महिन्यांपूर्वी भाऊजी टाचणीची तक्रार करायला लागले. सारखी पायात येते, म्हणाले. शेपटीवर पाय पडला. दुसऱ्या दिवशी पंजावर. टाचणी केकाटायची, ते तिला उचलून घ्यायचे, माफी मागायचे.

“लाडावलीय,” ताई म्हणाली. “वाटेतच बसायचं असतं तिला.”

मग एकदा भाऊजींचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. मग टेबलाच्या कडेचा कप गेला. ताईने विचार केला आणि तिला कारण सापडलं. फ्रेम. सायकल चालवताना वापरायचा त्यांचा चष्मा तिनेच केला होता, आणि आता तो ते दिवसभर घालत. त्याच्या काड्या जाड होत्या. बाजूचं दिसणं अडत असणार.

तिने बारीक काड्यांचा दुसरा केला. पंजावर पाय पडतच राहिला. तिसरा बिनफ्रेमचा केला. मध्येच त्यांना दुकानात आणून अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. त्यांनी शेवटची ओळ घडाघडा वाचली. खाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

“बघ,” ताई मला म्हणाली. “नजर चोख आहे. काचेतच काहीतरी चुकतंय माझं.”

तिने चौथा केला. या काचा डोळ्याच्या कडेपर्यंत वळवलेल्या होत्या. त्यासाठी दोन संध्याकाळी दुकानात थांबली. दुसऱ्या कुणी काच घासली असती तर तिने इतक्या लवकर दोष दिला नसता. स्वतःच्या हाताला मात्र दिला. तीन महिने देत राहिली.

एका दुपारी तिने मशीन बंद केलं. ॲम्ब्युलन्स वगैरे काही नव्हती.

“बी.ए., इकडे ये.”

मी गेले.

“खांदा कोणता लागला होता त्यांचा?”

“डावा.”

“कप?”

“मला काय माहीत?”

“डाव्या हाताचा. टाचणीच्या पंजावर पाय पडतो तो पण डावा. मी काल मोजलं. ही उजवीकडे बसली तर वळसा घालून जातात. डावीकडे बसली की तुडवतात.” तिने हात पुसले. ते कोरडेच होते. “उजवीकडे वळसा घालतात गं. म्हणजे दिसते.”

“डॉक्टरांना दाखवा ना.”

“दाखवते. आणि ते म्हणाले सायकल बंद, तर?”

मी गोणपाटावरच्या टाचणीकडे बघितलं.

“तू त्यांना सोमवारी सकाळी बघितलेलं नाहीस,” ताई म्हणाली. “रविवारी जाऊन आलेला माणूस कसा दिसतो सोमवारी. पावसाने एक रविवार गेला तर मंगळवारपर्यंत घरात नुसती धुसफुस. सायकल काढून घेतल्यावर माझ्या घरात कोण राहील, ते मला ठाऊक नाही.”

आणि येत्या रविवारी दोनशे किलोमीटर होते. हमरस्त्याने. तिने सांगितलं नाही, पण मला माहीत होतं. दुकानातल्या कॅलेंडरवर तिनेच त्या तारखेला टिंब दिलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिने मला घरी बोलावलं.

आमच्या दुकानात आठवड्यातून दोनदा डोळे तपासणारे सर येतात. म्हाताऱ्या माणसांची ते एक तपासणी करतात. एक डोळा झाकायचा, समोरच्याच्या नाकाकडे बघायचं, आणि बाजूने बोट आत येताना कधी दिसलं ते सांगायचं. ताईने हे दाराच्या फटीतून शेकडो वेळा पाहिलं होतं. घरी कधी केलं नव्हतं.

“अहो, जरा हिच्या नाकाकडे बघा,” ती म्हणाली.

“का? काय झालंय नाकाला?”

“बघा म्हणते ना. उजवा डोळा झाका.”

“घ्या. मेव्हणीबाई, आज तुमच्या नाकाची परीक्षा.”

त्यांनी तळहाताने उजवा डोळा झाकला. मी समोर बसले. कुठे बघावं मला समजेना. ताईने टाचणीला कडेवर घेतलं आणि त्यांच्या डाव्या कानाच्या रेषेत उभी राहिली. टाचणीसमोर बिस्किट धरलं होतं, म्हणून ती गप्प होती.

“काय दिसतंय?”

“नाक.”

“आणखी?”

“नाकाची मालकीण. घाबरलेली.”

ताई एक पाऊल पुढे आली. ते माझ्या नाकाकडेच बघत होते. आणखी एक पाऊल. टाचणीची शेपटी हलत होती. ताईचा हात ताणलेला, बिस्किट त्यांच्या गालापासून दोन विती लांब. मला ते सगळं दिसत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

ताई आणखी पुढे आली. टाचणीचं नाक जवळजवळ माझ्या खांद्याशी आलं.

“अरेच्चा,” भाऊजी म्हणाले. “ही कुठून उगवली?”

टाचणीने बिस्किट खाल्लं. तिच्या खाण्याचा आवाज खोलीत मोठा वाटला.

“उद्या दाखवू या,” ताई म्हणाली.

“सोमवारी.”

“उद्या काय झालंय? उद्या असतात डॉक्टर.”

“उद्या दाखवलं तर रविवारी जाता येणार नाही.”

ताईने टाचणीला खाली ठेवलं. सावकाश ठेवलं.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

भाऊजी उठले आणि पलंगाच्या पायथ्याशी असलेल्या सायकलच्या चाकात हवा भरू लागले. चाकात हवा होती.

रविवारी सकाळी मी गेले तेव्हा ताई टेबलाशी बसलेली होती. फोन समोर. टाचणी दाराकडे तोंड करून.

“अडवलं नाहीत?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“कुलपाची किल्ली हातात घेऊन उभी होते. त्यांनी बूट घातले. म्हणाले, एवढी एकदा. मी दार उघडलं.” मग म्हणाली, “मीच उघडलं.”

साडेसातला पहिला फोन आला. पोचलो. पाणी प्यायलो. साडेदहाला दुसरा, परत फिरायच्या ठिकाणाहून. तिसरा एक वाजता यायचा होता.

सव्वा वाजला. ताईने भांडी घासली. घासलेलीच होती. दीडला तिने फोन केला. रिंग वाजत राहिली. पुन्हा केला. चार वेळा.

“चालवताना उचलत नाहीत,” ती म्हणाली. मला नाही, टाचणीला.

पावणेदोनला ती उठली. “चल, दुकानात जाऊ.”

“आज बंद आहे.”

“किल्ली आहे माझ्याकडे.”

दुकान पाच मिनिटांवर. शटर अर्धंच वर केलं, टाचणीला घेऊन वाकून आत गेलो. ताईने मागच्या खोलीतला दिवा लावला. कपाटातून एक मोठी फ्रेम काढली, ट्रेमध्ये ठेवली, दोन काचा ठेवल्या, वर ऑर्डरची चिठ्ठी. पाचवा चष्मा. मी तिच्याकडे बघितलं. शुक्रवारी जे मी पाहिलं ते तिनेही पाहिलं होतं. कोणत्याही काचेने ते भरून येणार नव्हतं, हे या दुकानात तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

“हाताला काहीतरी पाहिजे,” ताई म्हणाली.

तिने उजवी काच लावली. मशीन सुरू झालं. फोन तिने पाणी उडणार नाही असा खिडकीत उभा करून ठेवला होता. मशीनच्या आवाजात रिंग ऐकू येणार नाही म्हणून दर मिनिटाला त्याकडे बघत होती. मीही बघत होते. बाहेर कुठेतरी ॲम्ब्युलन्स वाजली. तिने मशीन बंद केलं नाही. दिशा ऐकायची हिंमत नव्हती तिची.

उजवी काच झाली. तिने फ्रेममध्ये बसवली, उजेडात धरली, पुसली. डावी मशीनवर चढवली. चाक फिरू लागलं.

दोन चाळीसला फोन उजळला.

ताईने मशीन बंद केलं. फोन कानाला लावला. पलीकडचं मला ऐकू येत होतं, इतकी शांतता होती.

“पडलात?” ती म्हणाली.

“नाही. मी नाही पडलो.”

“मग?”

“डाव्या बाजूच्या रस्त्याने मोटरसायकल आली. मला चुकवताना तो माणूस पडला. कोपर फुटलं त्याचं. बायको मागे बसली होती, तिला काही झालं नाही.” मागे वाहनांचा आवाज. “तो भांडायला उठला. मी म्हटलं, चूक माझी. तुम्ही मला दिसलाच नाहीत. त्याला दवाखान्यात पोचवून आलो.”

“आता कुठे आहात?”

“चाळीस किलोमीटर राहिलेत. मी चालतोय.”

“चाळीस किलोमीटर चालणार?”

“सायकलवर बसवत नाही गं.”

ताईने डोळे मिटले. “तिथेच थांबा. सावलीला थांबा. रस्त्यापासून आत. मी टेम्पो बघते. पाणी प्यायलात?”

“नाही.”

“प्या आधी.”

तिने टाचणीला काखेत घेतलं, ॲप्रन तसाच, आणि शटरखालून बाहेर गेली. मला म्हणाली, “कुलूप लाव.” मी लावलं. एकदाच ओढून बघितलं.

सोमवारी त्यांनी दाखवलं. काचबिंदू. डाव्या डोळ्याची मधली नजर तेवढी शिल्लक आहे, म्हणून अक्षरं वाचता येत होती. गेलेलं परत येत नाही. उजव्यातही सुरुवात आहे. ते राहील की जाईल हे थेंबांवर, आणि नशिबावर. सायकल बंद. लिफ्टच्या खड्ड्यात उतरणंही बंद.

याला आता अकरा दिवस झाले. मी अजून तिथेच अडकून पडले आहे. तीन महिने. आणि आम्ही चष्म्याच्या दुकानात. तक्ता, दिवे, सर, काचा. सगळं हाताशी. कुत्री सांगत होती, आणि आम्ही तिला लाडावलेली म्हणत होतो.

ताई कामावर आलेली नाही. मी रोज फोन करते.

“थेंब घालते,” ती म्हणते. “सकाळ-संध्याकाळ. एकही चुकवलेला नाही.”

“भाऊजी?”

“बसलेत.”

“बोलतात?”

“टाचणीशी बोलतात थोडं.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “त्यांना एकटं सोडून कामाला यायला भीती वाटते गं, बी.ए. डोळ्यांची नाही वाटत. कळतंय ना तुला?”

कळतंय, म्हटलं.

मालक काल मागच्या खोलीत आले. मशीन अडलंय, म्हणाले, दुसऱ्या माणसाला बोलावू. ही कुणाची ऑर्डर आहे? मी ट्रेमधली चिठ्ठी दाखवली. त्यावर ताईच्या अक्षरात नावाच्या जागी ‘घरचे’ लिहिलं आहे. उजवी, बरोबरची खूण. डावीसमोर काही नाही.

एक दिवस थांबा, मी म्हटलं. ते थांबले.

काच मशीनवर चढवलेली आहे. एका कडेने कापली गेली आहे, बोटभर. बाकी गोलच आहे.