तिच्यासाठी निवडलेले शब्द

दवाखान्यातल्या टीव्हीवर गर्भपातावर चर्चा रंगली होती. एकजण ‘हत्या’ म्हणत होता, दुसरा ‘हक्क’. दोघांचेही आवाज चढलेले. मला रिमोट कुठे दिसेना.

टीव्हीखाली एकटीच आलेली एक बाई बसली होती. शेजारच्या गरोदर बाईने सवयीने विचारलं, “कितवा महिना?”

“तिसरा,” ती म्हणाली आणि खाली बघत राहिली.

तेवढ्यात सिस्टर दारात आल्या. “पिशवी साफ करायची ती कोण?”

ती उठली. हत्या, हक्क, पिशवी साफ करणं... सगळे शब्द दुसऱ्यांचे. ती स्वतः याला काय म्हणते, कुणी विचारलंच नव्हतं.

शेजारची गरोदर बाई क्षणभर गोंधळली. मग तिने हात पुढे केला.

“पर्स द्या इकडे. तुम्ही बाहेर येईपर्यंत मी आहे इथंच.”