राखीव खेळाडूंची ओळ

"एकच ओळ घाला की सर," असं म्हणताना आप्पा एक बोट वर धरायचे आणि उत्तर मिळेपर्यंत ते खाली घ्यायचे नाहीत. असा चिवट माणूस तुमच्याही गल्लीत असेल. निपाणीतल्या आमच्या गल्लीत हे होते.

इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशातले लेख मी फावल्या वेळात दुरुस्त करतो. आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांवरचा लेख आप्पांनी मुलाच्या मोबाइलवर वाचला आणि माझ्या मागं लागले. त्यात देश, पदकं, ध्वज सगळं होतं. राखीव खेळाडू नव्हते. तरुणपणी आप्पा कबड्डीच्या संघाबरोबर परदेशात गेलेले, राखीव म्हणून. एकदाही मैदानात उतरले नाहीत. चहाच्या गाड्यावर त्यांचे सोबती विचारायचे, "आप्पा, तिकडचं बाकडं लई मऊ हुतं का रं?"

स्वतःचं नाव नको होतं त्यांना. राखीव खेळाडूही संघाचेच असतात, एवढंच लेखात यावं.

मी म्हटलं, संदर्भ आणा. दुसऱ्या दिवशी दोन म्हाताऱ्यांना घेऊन दारात उभे. "हे संदर्भ. हेनीच मला लोंढा टेशनात गाडीत बसवलंय." त्यातले एक, आप्पा तेव्हा कसे रडले ते सांगू लागले, तर आप्पांनी त्यांना गप्प केलं. छापील पुरावा लागतो हे मी तिघांना समजावलं. चहा झाला आणि पुन्हा बोट वर. वैताग आला होता मला. शेवटी स्पर्धांच्या नियमांचं छापील पुस्तक मीच शोधलं आणि ओळ घातली.

आठवडाभरात कुणा अनोळखी संपादकानं ती अनावश्यक म्हणून काढली. परत घालायची तर लेखाच्या चर्चापानावर इतर संपादकांशी भांडावं लागलं असतं. भांडण आपल्याला जमत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर एकदाचा सुटलो, असं वाटलं होतं.

आप्पांना तोवर नीट दिसेनासं झालेलं. रस्त्यात भेटले की विचारायचे, "हाय न्हवं?" मी म्हणायचो, आहे. मग ते गाड्यावर जाऊन तसं सांगायचे आणि थट्टा थांबायची. पडताळून कुणी पाहिलं नाही. सरांनी सांगितलं होतं ना.

आप्पा गेले. बाराव्याच्या आधी मुलगा आला. सुतक म्हणून तो आत येईना. बाराव्याच्या पत्रिकेत आप्पांच्या फोटोखाली ती ओळ छापायची होती. लेखात आहे तश्शी हवी म्हणाला.

मी लॅपटॉप बाहेर आणून पान त्याच्यापुढं धरलं. त्यानं वरपासून खालपर्यंत वाचलं, परत वर गेला.

"कधी काढली?"

"घातली त्याच आठवड्यात. त्यांना मी बोललो नाही. विचारलं की आहे म्हणायचो."

तो मग पायरीवर बसला.

"आता घाला," म्हणाला. "परत काढली तर परत घाला. मी हितंच बसतो."

चहा विचारला, तर त्यानं नको म्हणून मान हलवली. मी चर्चापान उघडलं.