नवशाचा कौल

आमच्या मुरबे गावच्या नवशाला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, काय भाविक माणूस आहे. मला तसं कधी वाटलं नाही. आमच्या गावदेवीच्या देवळातला दिवा, झाडलोट आणि कौल आमच्या घराण्याकडे. माणसं देवीसमोर बसून काय काय मागतात ते मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण नवशाइतका आळशी भक्त मी दुसरा पाहिला नाही.

आईनं देवीला नवस बोलून हा झाला, म्हणून नाव नवशा. तू देवीचा, हेच घरात ऐकत वाढला. मग त्यानं डोकं वापरायचं कामही देवीवर सोपवून दिलं.

कौल म्हणजे असं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि विचारायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. बाकीची कोळी माणसं लग्नाला, नव्या होडीला कौल लावत. नवशा कोंबडा विकायलाही लावायचा. एकदा दाढ काढू का ठेवू म्हणून विचारायला आला. गाल इतका सुजला होता की त्याच्या वतीनं प्रश्न मलाच विचारावा लागला.

आता आमची देवी शेंदराची, त्यावर तेलाचे थर. पाकळी कधी चटकन घसरते, कधी तासन् तास हलत नाही. त्यावरचा उपाय माझ्या बापानं मला शिकवून ठेवला होता. वात सारायच्या निमित्तानं हात पुढे न्यायचा आणि अंगठा जरासा लावायचा. लोक घरी जात, मीही जेवायला मोकळा होई. यात मला कधी पाप वाटलं नाही. दाढ काढायला नवशाला मीच पाठवला, कोंबडाही मीच विकायला लावला. त्याचा निम्मा संसार माझ्या अंगठ्यावर चालला होता आणि तो देवीचे उपकार मानत होता. मला हसू यायचं.

पुढे होड्यांना इंजिनं बसू लागली. नवशानं कौल लावला, इंजिन घेऊ का? मी डावी पाकळी पाडली. इंजिन बंद पडलं तर हा मूर्ख भर समुद्रात देवीला हाका मारत बसेल, असं मला वाटलं. शिवाय माझी स्वतःची होडी शिडाची होती, हेही सांगून टाकतो. दोन वर्षांत इंजिनवाले पापलेटानं होड्या भरून आणू लागले आणि नवशा वाऱ्याची वाट बघत राहिला. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. चौसष्टच्या होळीला भर गावासमोर तो ओरडला, "पुंडलिक पाकली ढकलतो! मी डोळ्यांनी पाह्यलंय!"

खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं. गावच्या पाच जाणत्यांनी मला दिव्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, कौल लागलेला असताना मूर्तीला हात लावणार नाही. मी ताठ मानेनं घेतली. त्या दिवसापासून नवशाशी बोलणं टाकलं.

त्याच श्रावणात त्याची नलू आजारी पडली. नऊ वर्षांची पोर. ताप, गळा सुजलेला, श्वास घेताना घरघर. घटसर्प हे नाव आम्हाला नंतर कळलं, पण पोर घुसमटतेय हे आंधळ्यालाही कळलं असतं. पालघरला दवाखान्यात न्यायचं तर खाडी ओलांडून सातपाटी, तिथून एस.टी. आणि खाडीचं गणित साधं आहे. भरतीला होडी चालते, ओहोटी लागली की नुसता चिखल. त्या सकाळी भरती होती. होडीवाला दामू होडी सोडून तयार उभा होता. "नवशा, पानी हाय तवर चल," म्हणाला.

नवशा म्हणाला, "कौल घेतल्याबिगर पोरीला खाडीपार नेनार नाय."

आला देवळात. मागून त्याची बायको हिरा, पोर छातीशी धरून. मी पाकळ्या लावल्या आणि बाजूला बसलो, हात मांडीवर ठेवून, सगळ्यांना दिसतील असे. हवा इतकी ओली की पाकळ्या शेंदराला डिंकासारख्या बसल्या. त्या पडणार नाहीत हे मला लावतानाच कळलं होतं.

नवशानं डोळे मिटले, हात जोडले. वेळ चालला. दामू किनाऱ्यावरून हाक मारत होता. हिरा सरकत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "भावजी, तुमी पाडता ना ती? पाडा."

तिला सगळं माहीत होतं. बहुतेक सगळ्याच बायकांना माहीत असावं.

मी मोठ्यानं म्हणालो, नवशाला ऐकू जावं म्हणून, "माजा हात लागत नाय वैनी. शपत हाय."

"पोर जाईल माजी."

मी नवशाकडे बघितलं. त्यानं एकदा म्हणावं, पुंडलिक, पाड. एवढंच मला हवं होतं. भर गावात माझी अब्रू घेतली होती, आता त्यानं माझ्या अंगठ्याला शरण यावं. तो देवीच्या तोंडाकडे बघत बसला आणि मी त्याच्या.

दामूची तिसरी हाक आली तेव्हा हिरा उठली आणि पोरीला खांद्यावर टाकून धावत सुटली. नवशा मागून ओरडला, "अगं, कौल व्हायचाय!" पण तोवर पाणी उतरलं होतं. दामूनं आणि तिनं गुडघाभर चिखलातून होडी ओढली, ती रुतून बसली तशी दामूनं पोरीला डोक्यावर घेतलं आणि चिखल तुडवत निघाला. सातपाटीचा किनारा लागायच्या आत नलू गेली.

दुसऱ्या दिवशी सुकलेल्या दोन्ही पाकळ्या मी नखानं खरवडून काढल्या.

नवशानं घरातले देव नेऊन खाडीत टाकले आणि गावभर सांगत सुटला, देव नाय. असता तर बोलला असता. काही तरुण पोरांना तो एकदम मोठा विचारवंत वाटू लागला. पोरीचं दुःख खरं होतं, ते मी नाकारत नाही. पण त्याच्या त्या नास्तिकपणाची मला त्याच्या भक्तीइतकीच किळस आली. देवी बोलली नाही म्हणे. अरे, दामू बोलत होता, तुझी बायको बोलत होती, उतरणारं पाणी डोळ्यांसमोर दिसत होतं. आणखी कोणी काय बोलायला हवं होतं? पण मग दोष स्वतःकडे आला असता. त्यापेक्षा देवच नाही म्हणणं सोपं.

पुढे तो मासेमारी सोडून तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर लागला आणि बोईसरला राहू लागला. चहाच्या टपरीवर बिहारी मजुरांना सांगायचा, "भगवान-बिगवान कुछ नहीं." पण रजा घेऊ का, खोली बदलू का, डोक्याला तेल कुठलं लावू, सगळं मुकादम रामकिसनला विचारून. रामकिसन वैतागायचा. मला त्या माणसाची दया यायची.

हिरा मुरब्यालाच राहिली. दर मंगळवारी ती दिव्यात तेल घालायला येते. माझ्याकडे बघत नाही. एकदा मी न राहवून विचारलं, "वैनी, तुमाला देवीचा राग नाय येत?"

ती वात सारखी करत म्हणाली, "देवीचा कशाला?"

एकोणसत्तरमध्ये कामानिमित्त बोईसरला गेलो होतो, तेव्हा नवशानं मला टपरीवरून हाक मारली. पाच वर्षांनी. केस पिकले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग एकदम खाली बघत म्हणाला, "पुंडलिक, तू रोज तिच्यापाशी असतोस. खरं सांग. देवी हाय का नाय?"

म्हणजे पुन्हा कौलच. आणि या वेळी सरळ मला लावलेला. तो देवाबद्दल विचारतच नव्हता. पोर कोणामुळे गेली, हे त्याला कळायला हवं होतं आणि पाच वर्षांत ते विचारायची हिंमत झाली नव्हती. त्या सकाळी देवीचा काही संबंध नव्हता, तू बसलास आणि मी हात मांडीवर ठेवून तुला बसू दिलं, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. ते जिभेवर आलंही होतं.

"नाय," मी म्हणालो.

त्यानं मोठा श्वास सोडला. चेहरा इतका हलका झाला की माझ्यानं त्याच्याकडे बघवेना. मग त्यानं माझ्यासाठी चहा मागवला आणि मी तो प्यालो.