शंकासुर काका दुबईत
अमेरिकेत एडिसनच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये शेजारच्या काकांना सगळे मागून शंकासुर म्हणत. दुधाच्या गॅलनवरची तारीख ते दोनदा वाचत, आणि तरीही वास घेतल्याशिवाय दूध चहात घालत नसत. "तारीख छापणाराही माणूसच असतो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

काकू गेल्या आणि वर्षभरातच त्यांची एकुलती एक मुलगी मृणाल नोकरीसाठी दुबईला गेली. पोरीला कोणीतरी भुलवलंय, याबद्दल काकांची खात्री होती. तिला परत आणायचंच म्हणून ते निघाले. एकट्या म्हाताऱ्याला भामटे विमानतळावर गाठतात म्हणून मलाही सोबत घेतलं, आणि मीही भिडेखातर गेलो.

दुबईच्या किनाऱ्यावर लोक फोटो काढत होते, तर काका वाळू चिमटीत चोळून बघत होते. ती बाहेरून आणून टाकलीय असं मृणाल सहज बोलून गेली. झालं! वाळवंटात वाळू आणून टाकणारी माणसं उद्या काय करतील, असं ते दिवसभर मला विचारत राहिले. मला त्यांचा मनस्वी कंटाळा आला होता.

दुसऱ्या दिवशी मृणालने आम्हाला जुन्या वस्तीतल्या ओळखीच्या एका अरब घरी जेवायला नेलं. गालिच्यावर बसवून यजमान इवल्याशा कपात वेलदोड्याची कडू कॉफी ओतत होते. कप रिकामा झाला की पुन्हा भरत. पानात काही टाकायचं नाही, या शिस्तीत वाढलेले काका मुकाट्याने संपवत राहिले. सहाव्या कपाला माझ्या कानाशी लागले, "हा आपल्याला अडकवून ठेवतोय. पासपोर्ट खिशात आहे ना?"

मृणालला हसू आवरेना. "बाबा, कप जरा शेक करा. दॅट मीन्स इनफ. नाहीतर ते ओततच राहणार." मग ती यजमानांशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली आणि तेही हसले. काकांनी मात्र कप हलवून परत दिला. पोर इथे रमली होती. कोणी फसवलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.

परतताना मृणाल विमानतळावर सोडायला आली, तेव्हा त्यांनी खिशातून एक कागद काढला. आमच्याच विमानाचं, मृणालच्या नावाचं तिकीट. एडिसनहून निघण्याआधीच काढून ठेवलेलं.

"बाबा, तुम्ही मला ट्रस्टच करत नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"तुझ्यावर शंका नाही गं. त्या घरात मला एकट्याला जमेल का, तीच आहे."

तिने त्यांना घट्ट धरलं. पण ती आली नाही.

विमानात आमच्या दोघांमधली सीट रिकामी होती. मागच्या बाईंनी तिथे बसू का म्हणून विचारलं.

"सॉरी," काका म्हणाले, "माय डॉटर इज कमिंग."

विमानाचं दार केव्हाच बंद झालं होतं.