कापसाच्या काडीने लावलेलं कुंकू

मागच्या रविवारी फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्याकडे खरंच तलवार होती?" होती, पण माझी नव्हती, आणि माझ्याकडे ती जेमतेम सहा आठवडे होती. त्या सहा आठवड्यांत मी जो उद्योग करून ठेवला, तो फोनवर सांगण्यासारखा नाही. म्हणून लिहून पाठवते आहे. दोघांनी मिळून वाचा आणि जे मराठी अडेल ते बाबाला विचारा.

तुमचा बाबा शिकायला बाहेर पडला होता आणि आजोबांची नोकरी जर्मनीत र्युसेल्सहाइमला होती, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. तळमजल्यावर फ्रँकफर्टच्या ट्रामवरून निवृत्त झालेले एक चालक एकटेच राहायचे. आम्ही घरात त्यांना 'खालचे काका' म्हणायचो. एकदा जिन्यात त्यांनी माझ्या हातात इंग्रजी पेपर पाहिला आणि दुसऱ्या दिवशी विटेएवढं जाड पुस्तक घेऊन दाराशी उभे राहिले. जुन्या जपानी तलवारींवरचं पुस्तक होतं ते, सगळं इंग्रजीत. काकांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. माझं जर्मन भाजीबाजारापुरतं होतं. पण रोज दुपारी एक पान मी वाचून जमेल तसं जर्मनमध्ये सांगायचं आणि त्या बदल्यात त्यांनी मला तलवार बघायला शिकवायचं, असं ठरलं.

बघायला शिकायचं म्हणजे काय, असं मलाही वाटलं होतं. तलवार चमकते, आणखी काय! पहिल्या दिवशी त्यांनी पातं दिव्याखाली तिरकं धरलं आणि म्हणाले, "धारेजवळ बघा. घाई करू नका." पाच मिनिटं मला काहीच दिसलं नाही. मग एकदम दिसलं. धारेच्या कडेने एक दुधी पट्टा लाटालाटांनी टोकापर्यंत गेला होता. दूध तापताना पातेल्याच्या कडेला साय धरू लागते, अगदी तसा. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी मातीचा लेप देऊन ते पातं तापवलं आणि पाण्यात बुडवलं, त्या एका क्षणात हा पट्टा उमटला, असं काकांनी सांगितलं. मी त्या दिवशी पोळ्या करायच्या विसरले.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांचं मंडळ भरायचं. जर्मनीत चार माणसांना एकच छंद असला की त्यांचा लगेच 'फेराइन' होतो, म्हणजे नोंदणी झालेलं मंडळ. नियम आले, प्रोटोकॉल आला, मतदान आलं. मीही जाऊ लागले, तेव्हा माझ्यासकट बारा जण झाले. एक दातांचे डॉक्टर, बोलायला फार कडक. एक बेकरीवाल्या बाई, त्या प्रत्येक सभेला प्लमचा केक आणायच्या. मला दोन्ही गोष्टी आवडायच्या, नियम आणि केक.

सभेत एक खेळ चालायचा. तलवारीच्या मुठीकडचा भाग, जिथे कारागिराचं नाव कोरलेलं असतं, तो कापडात गुंडाळायचा. उरलेलं पातं बघून ही कुठल्या काळातली आणि कुठल्या घराण्याची ते चिठ्ठीवर लिहायचं. पहिल्या खेपेला मी तीनशे वर्षांनी चुकले. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही जन्माला आला नव्हता तेव्हाची आहे, एवढं तरी बरोबर आलं." वर्षभराने मात्र माझी चिठ्ठी बरोबर निघाली आणि त्यांची चूक. मी केकचा दुसरा तुकडा घेतला.

पातं हाताळायचे नियम ठरलेले होते. आधी तलवारीला वाकून नमस्कार करायचा. पात्याला बोट लावायचं नाही, कापडानेच धरायचं. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवायच्या. आणि पातं समोर असताना तोंड उघडायचं नाही, कारण थुंकीचा कणही पोलादाला गंज चढवतो. हे ऐकून तुमचे आजोबा म्हणाले, "अरे वा! तुला गप्प बसवायला माणसं पार जपानपर्यंत गेली."

"अहो, तुम्हीच या एकदा," मी म्हटलं. "बघू तुम्हाला जमतं का."

ते कधी आले नाहीत. पण माझ्या कपाटातली लवंगेच्या तेलाची बाटली ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे. तलवारीला तेच तेल लावतात. अगदी पुसट थर. खालच्या काकांच्या घरात पाऊल टाकलं की कुणाची तरी दाढ दुखते आहे असा वास यायचा.

मला नोंदी ठेवायची सवय पहिल्यापासूनची. मंडळाच्या तलवारींची माहिती तीन फायलींत आणि एका बिस्किटांच्या डब्यात विखुरलेली होती. मी सगळ्यांची कार्डं केली. लांबी, काळ, घराणं, मग 'इतिहास' असा एक रकाना आणि शेवटी 'नुकसान' असा दुसरा. अक्षर एकाच हातचं असावं म्हणून सगळी मीच लिहिली. मंडळाने मला चिटणीस केलं.

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर कित्येक आठवडे रेहा, म्हणजे चालायला शिकवणारं आरोग्यकेंद्र. त्यांच्याकडच्या तीन तलवारींतली सगळ्यात जुनी ते कुणाकडे देत नसत. ती त्यांनी माझ्या हातात दिली.

"ऑक्टोबरच्या सभेत मला हीच मांडायची आहे," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा ही दुसऱ्याच्या घरी झोपणार. तुम्ही व्यवस्थित आहात, म्हणून देतो."

व्यवस्थित! त्या शब्दावर मी महिनाभर तरंगत होते.

तेवढ्यात खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा करतात, हे तुम्हाला माहीत आहे. जर्मनीत दरवर्षी मी आजोबांचे पाने आणि पेचकस, माझी विळी, कात्री आणि गाडीची किल्ली मांडायची. त्या वर्षी घरात खरीखुरी तलवार होती. ती कपाटात ठेवून पेचकसाची पूजा करायची, हे माझ्या मनाला पटेना.

मी सगळं नियमाने केलं. पाटावर धुतलेलं पांढरं कापड अंथरलं. वाकून नमस्कार केला. तोंड मिटून पातं म्यानातून काढलं. पात्याला बोट लावायचं नाही हे पक्कं लक्षात होतं, म्हणून गंध आणि ओलं कुंकू कापसाच्या काडीने लावलं. झेंडू सुपरमार्केटच्या कुंडीतला, त्यावर धूळ असणार म्हणून फुलं धुऊन घेतली आणि पात्यावर वाहिली. आणि पूजा दसऱ्याला उचलायची या रिवाजाप्रमाणे सगळं तसंच ठेवलं.

दसऱ्याला सकाळी फुलं काढली, पुसलं. कुंकू गेलं. पण त्याच्या जागी मसुरीच्या दाण्याएवढा तपकिरी डाग राहिला. पुन्हा पुसलं. डाग तसाच.

आजोबा चहा घेत होते. माझा चेहरा बघून कप खाली ठेवून आले. डाग बघितला आणि म्हणाले, "थुंकी उडू नये म्हणून तोंड मिटून घेतलंस, आणि वर पाणी ओतलंस!" मी रडायला लागले तेव्हा म्हणाले, "अगं, जाऊन सांगून टाक. तो माणूस काही तलवार उगारणार नाही. गुडघा कुठे बरा आहे त्याचा अजून?"

डाग घालवायचा तर पातं जपानला पाठवून नव्याने घासावं लागतं, आणि प्रत्येक वेळी घासताना थोडं पोलाद कायमचं जातं. हे पुस्तकातून मीच काकांना वाचून दाखवलं होतं. मला तलवारीपेक्षा त्या एका शब्दाची जास्त काळजी होती. व्यवस्थित आहात म्हणून देतो.

काका परतले त्याच दिवशी मी खाली गेले आणि बसायच्या आधीच सगळं सांगितलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं. बराच वेळ.

"ओलं होतं?"

"हो."

"किती तास?"

"एक दिवस. जवळजवळ."

"फुलं कसली?"

या प्रश्नाचा अर्थ मला कळला नाही. "झेंडूची," मी म्हटलं.

"रविवारी बोलू," ते म्हणाले आणि पातं म्यानात घातलं.

रविवारपर्यंत खालून ना हाक आली, ना पुस्तक. मी कार्डांचा डबा पुसून, क्रम लावून, किल्लीसकट पिशवीत भरला. राजीनामा जर्मनमध्ये लिहिला आणि क्रियापदं दोनदा तपासली.

सभेत काकांनी ती तलवार मधल्या टेबलावर ठेवली आणि कुबडी टेकून उभे राहिले. घडलेलं सगळं त्यांनीच सांगितलं, कापसाच्या काडीसकट आणि झेंडूच्या फुलांसकट. मग म्हणाले, "कार्ड पुरं करायचं आहे. डागाची नोंद कुठल्या रकान्यात करायची? नुकसान की इतिहास?"

"नुकसान," डॉक्टर तात्काळ म्हणाले. "गंज म्हणजे गंज. उद्या मी कुणाच्या दाताला भोक पाडून त्याला इतिहास म्हणू का?"

"तुम्ही पाडताच की," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. "हिच्यावर कुणी कधी फूल वाहिलं होतं का? या खोलीत आपण नुसते वाकतो आणि मग केक खातो."

"वाकणं कोरडं असतं!" डॉक्टर म्हणाले.

"गेनाऊ," काका शांतपणे म्हणाले. म्हणजे अगदी बरोबर. "म्हणून तर मतदान घ्या."

हात वर झाले. नुकसानाला चार, इतिहासाला सात. मी हात वर केला नाही. काकांचा हात मात्र मी बघितला, तो इतिहासाच्या वेळी वर होता. मग त्यांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं.

"लिहा. अक्षर एकाच हातचं हवं, हा तुमचाच नियम आहे ना?"

राजीनामा त्याच पिशवीत होता. तो मी बाहेर काढलाच नाही. पेन काढलं आणि इतिहासाच्या रकान्यात लिहिलं: मुठीपासून एक वीत अंतरावर लहान डाग, भारतीय पद्धतीच्या पूजेमुळे. त्या डब्यातलं माझं सगळ्यात वाईट अक्षर त्याच कार्डावर आहे.

पुढच्या वर्षी मंडळाने ठराव केला की ऑक्टोबरच्या सभेत पूजा मीच करायची. फुलं पात्यापासून हातभर लांब, कुंकू पाटाला. मी शिरा करून न्यायची आणि प्लमच्या केकशेजारी ठेवायची. काका बसून बघायचे. आणि डॉक्टर, ज्यांनी आपलं मत शेवटपर्यंत बदललं नाही, ते पूजा संपेपर्यंत माझ्या शेजारी कोरडा टॉवेल घेऊन उभे असायचे, आणि शिऱ्यासाठी सगळ्यात आधी ताटली पुढे करायचे.