ओवीचं बोलणं आणि माझी शुद्ध मराठी

"कान चांगले आहेत. बोलायला उशीर झालाय," बुलढाण्याच्या डॉक्टर म्हणाल्या. याला स्पीच डिले म्हणतात, म्हणजे वयाच्या मानाने बोलणं मागे राहणं. माझी ओवी तेव्हा तीन वर्षांची होती आणि तिच्याकडे मोजून पाच शब्द होते. त्यात 'आई' नव्हतं.

त्याआधी बेरा टेस्ट झाली होती. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का, ते यात बघतात. मूल झोपलेलं लागतं. औषध देऊनही आमची बाई दोन तास टक्क जागी, आणि मी बाकावर नको नको ते विचार करत बसलेली. ही मला कधी हाक मारेल की नाही, एवढंच डोक्यात होतं.

मग आठवड्यातून दोनदा चिखलीहून बुलढाण्याला एसटीने जाणं सुरू झालं. सोबत सासूबाई असायच्या. स्पीच थेरपी म्हणजे जिभेचे व्यायाम, असं मला वाटायचं. इथे थेरपिस्टबाई नुसत्या खाली बसून ओवीशी खेळायच्या. मी मनातल्या मनात चरफडायचे.

तिसऱ्या खेपेला त्यांनी मला खेळायला बसवलं. मी लगेच सुरू: हे काय आहे? रंग कोणता? म्हण बघू, गाय. ओवीने पाठ फिरवली. "तुम्ही परीक्षा घेताय," बाई म्हणाल्या. मग सासूबाईंकडे वळून त्यांनी विचारलं, आजी, तुम्ही नातीशी काय बोलता?

सासूबाई पदर सारखा करत म्हणाल्या, "मी त नाई बोलत जास्त. माह्यं बोलणं खराब हाये न. पोरीले तेच लागीन."

मला तोंड कुठे लपवू असं झालं. हे फर्मान माझंच. पुण्यात शिकताना माझ्या वऱ्हाडीला पोरी हसायच्या, म्हणून लेकीच्या कानावर शुद्ध मराठीच पडावी, हा माझा हट्ट. त्या माउलीने मुकाट्याने तो पाळला होता.

बाई रागावल्या नाहीत. उशीर यामुळेच झाला असं नाही, म्हणाल्या; बऱ्याच मुलांत कारण सापडतही नाही. "पण आजींना गप्प बसवू नका. ज्या बोलीत लाड करता येतात, त्याच बोलीत बोला."

परतीच्या एसटीत सासूबाई ज्या सुरू झाल्या, त्या चिखलीपर्यंत थांबल्या नाहीत. खिडकीबाहेरच्या प्रत्येक म्हशीची त्यांनी नातीला ओळख करून दिली.

चमत्कार वगैरे झाला नाही. दोन शब्द जोडायला सहा महिने गेले. ती 'दूध' म्हणाली की आपण 'गरम दूध' म्हणायचं आणि वाट बघायची. 'आई' आलं त्या दिवशी मी ओट्याशी उभी राहून रडले. तुमच्या घरी असं मूल असेल तर आधी कान तपासून घ्या. 'बोलेल आपोआप' म्हणणाऱ्यांच्या नादी लागून मी वर्ष घालवलं, तसं करू नका.

परवा ओवी शेजारच्या मांजरीबद्दल अडखळत काही सांगत होती. सासूबाई मदतीला शब्द पुरवायला लागल्या, तशी हात वर करून म्हणाली, "थांब न वं आजी, मी बोलून राह्यली न."

आम्ही दोघी गप्प बसलो, आणि तिने मांजरीचं सगळं सांगून संपवलं.