इंजिन बंद करणारा इंजिनवाला

"बाजूनं या, बाजूनं. समोरून नका येऊ."

असं म्हणून भाऊ उजव्या हाताचा तळवा आडवा धरायचे आणि हळूच एका अंगाला सरकवायचे. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, दुकानाची समोरची पायरी फुटली असेल. पायरी चांगली धडधाकट होती. भाऊंचं म्हणणं एवढंच, की कोणत्याही जिवावर थेट समोरून चालून जाऊ नये, त्याला धास्ती बसते. इथे जीव म्हणजे ते स्वतः, आणि चालून येणारा म्हणजे मोटरपंपाचं वायसर घ्यायला आलेला एखादा गरीब शेतकरी.

देवळीच्या मुख्य रस्त्यावर त्यांचं ऑइल इंजिन आणि मोटरपंपाचं दुकान होतं, घर त्याच्याच मागे. दुकानाला लागूनच माझं शिवणकामाचं दुकान. भिंत एकच, त्यामुळे त्यांचा शब्दन् शब्द मला ऐकू यायचा. मला म्हणजे काय, अर्ध्या देवळीला. इंजिन विकणारी माणसं इंजिन चालू ठेवूनच बोलतात. भाऊ तर कोणाच्या मयतीला गेले तरी "कधी झालं हो?" असं ओरडून विचारायचे.

हा माणूस एका सहलीनं बदलला. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. आमच्या गल्लीतल्या लोकांनी मिळून मिनीबस केली आणि आम्ही कोकणात गेलो. आमच्याकडे समुद्र फक्त शाळेच्या नकाशात, तोही भिंतीच्या ओलीनं फुगलेला. त्यामुळे बंदरावर कोणीतरी "डॉल्फिन दाखवतो" म्हणाल्याबरोबर आम्ही देवाच्या रांगेत घुसावं तसे बोटीत घुसलो.

पाण्यात काळी पाठ दिसली मात्र, सगळ्या बोटी तिकडे धावल्या. शिट्ट्या, टाळ्या, "आला रे आला!" सगळ्यांत मोठा आवाज अर्थात भाऊंचा. "घ्या ना तिकडं! अजून जवळ घ्या! एवढ्या दुरून काय उगाच आलो काय आमी?" बोटवाल्यानं घेतली. बाकीच्यांनीही घेतली. मधे एवढंसं पाणी उरलं.

भाऊंची एकुलती मुलगी संध्या माझ्या शेजारी बसली होती. तेव्हा कॉलेजला जायची. बोलायची कमी, आणि बोलायची तेही खाली बघून. ती म्हणाली, "बाबा, पिल्लू अलीकडं राह्यलं."

तेव्हा मी पाहिलं. आमच्या बोटीच्या एका बाजूला लहानगं होतं आणि पलीकडे मोठी मादी. ती बुडायची, वर यायची, पुन्हा बुडायची. जिकडे वर यावं तिकडे बोटीचा तळ. लोकांना वाटत होतं, ती आमच्यासाठी खेळ करते आहे. एक बाई तर तिला वेफर टाकत होत्या.

भाऊ उठले. लोकांच्या पायांवर पाय देत मागे गेले, आणि जे इंजिन ते देवळीत रोज विकायचे तसल्याच त्या इंजिनाचा डिझेलचा कॉक त्यांनी फिरवून टाकला. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. बोटवाला जे काही बोलला ते आम्हाला निम्मंच कळलं, पण शिव्या कोणत्याही बोलीत कळतात.

बोट जागीच थांबली. तिच्याखालून काहीतरी काळं सरकून गेलं. मग जरा लांब, फूस्स असा आवाज आला, दमलेल्या माणसानं सुस्कारा टाकावा तसा. लगेच त्याच्या शेजारी दुसरा, बारका. माय आणि लेकरू भेटलं होतं. बाकीच्या बोटी दुसऱ्या काळ्या पाठीच्या मागे लागल्या आणि आम्हाला त्यानंतर एकही डॉल्फिन दिसला नाही.

त्याहून गंमत म्हणजे आमचं इंजिन पुन्हा सुरूच होईना. विदर्भातले नामांकित इंजिनवाले हँडल मारून मारून घामाघूम झाले, आणि बोटवाला हाताची घडी घालून बघत बसला. परतीच्या वाटेवर सबंध बस एकच वाक्य म्हणत होती, "भाऊनं दर्शन बुडवलं."

निघताना बंदरावर एक रंग उडालेला फलक भाऊंना दिसला होता. डॉल्फिन कसे पाहावेत याचे नियम. त्यावर लोक टॉवेल वाळत घालत होते. भाऊंनी टॉवेल बाजूला केला, आणि बसचा भोंगा वाजेपर्यंत ते वाचत उभे राहिले.

ते नियम त्यांनी देवळीत आणले. आता मला सांगा, आमच्याकडे डॉल्फिन कुठून येणार? पण नियम आले होते, त्यांना काम तर द्यायला हवं! गल्लीत एकाला अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि रिवाजाप्रमाणे सारी देवळी त्याच्या खाटेभोवती जमली. भाऊ दारातच आडवे उभे राहिले. "एका टायमाले दोनच बोटी. बाकीच्यायनं लांब थांबा. अर्ध्या घंट्याच्या वर कोणी बसाचं नाई." पेशंटची बायको चिडली. पेशंट मात्र पुढे कित्येक वर्षं भाऊंना नमस्कार करायचा.

गाय व्याली, की गोठ्याशी भाऊ. गल्लीत नवी सून आली, की तिच्या ओट्याशी भाऊ, बायांना पांगवत. "मासा नाई तो, ताई," ते मला समजवायचे. "आपल्यासारखा जीव हाये. श्वास घ्याले वर येते तो, आपल्याले दर्शन द्याले नाई." मी म्हणायची, "भाऊ, ती नवी सून आहे." "तेच म्हणून राह्यलो ना मी!"

हसत होतो आम्ही. संध्याला पाहायला येणं सुरू झालं तोपर्यंत.

पहिली मंडळी जाम गावाहून आली, हायवेवर टायरचा धंदा असलेली. जीपमधून माणसं उतरतच राहिली. मी संध्याला साडी नेसवून दिली होती, म्हणून दाराआडच होते. मधे पाटावर ती आणि चारी बाजूंनी खुर्च्या. चालून दाखव. केस मोकळे सोड. हे वाच. एक आजीबाई तर तिचा हात धरून कोपरापर्यंत रंग तपासत होत्या. संध्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी कोणीतरी विचारलं, "पोरगी मुकी हाये काय?" आत आल्यावर ती बराच वेळ न्हाणीघरात पाण्याचा नळ सोडून बसली होती. भाऊ त्या दाराबाहेर उभे होते. दार त्यांनी वाजवलं नाही.

पुढच्या मंडळींना त्यांनी निरोपातच कळवलं. मुलगा आणि सोबत दोन माणसं, बस्स. खुर्च्या भिंतीकडेला, मुलीच्या समोर नाहीत. चालायला, वाचायला सांगायचं नाही. अर्धा तास. आणि मुलीला वाटलं तर ती बाहेर येईल, न वाटलं तर चहा पिऊन जायचं.

मंडळींनी हे थट्टेवारी नेलं आणि जीप भरून आली. भाऊंनी तिघांना घरात घेतलं आणि बाकीच्यांना दुकानात, मोटरपंपांमधे बसवलं. पाच मिनिटांत जीप वळली. त्यानंतर गावात विनोदच झाला, की भाऊकडं पोरगी पाहाले जाचं तं लाइफ जॅकेट घालून जा. स्थळं येईनाशी झाली. वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, माझ्या दुकानात येऊन रडायच्या. "यायच्या त्या माशापायी माही पोरगी घरातच राहीन, ताई." मलाही तसंच वाटत होतं. जगाची रीत एकट्या माणसानं बदलायची, तर त्यानं निदान लेकीचं लग्न आधी उरकून घ्यावं.

वर्ष-दीड वर्षानं आर्वीच्या वाटेवरच्या रोहण्याचं स्थळ आलं. भाजीपाल्याचा मळा असलेलं घर. मुलगा, त्याची आई आणि मामा, तिघंच आले आणि सांगितलं तिथे भिंतीकडेला बसले. पोहे झाले, चहा झाला. संध्या आत माझ्याजवळ बसून होती. वहिनी तिला डोळ्यांनी ढकलत होत्या, ती उठत नव्हती. बाहेर मामा घसा खाकरत होते.

भाऊंनी घड्याळाकडे पाहिलं आणि उभे राहिले. "झाला टाइम. या आता."

वहिनींनी कपाळाला हात लावला. मुलाच्या आईचा चेहरा तर पाहवेना. पण मुलगा नुसतं "बरं" म्हणाला आणि चपला घालून दुकानाशी रेंगाळला. "भाऊ, आमची मोटर चालू केली की पाणीच उचलत नाई. दरवेळी वरून पाणी भरा लागते. काय झालं असंन?"

भाऊ तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या शेजारची जागा रिकामी झाली होती. संध्या ओट्यावर जाऊन उभी होती. "पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गेला असंन," ती म्हणाली. "विहिरीत गाळ हाये काय?"

"हाये ना. लय."

"मंग जाळी साफ करा आधी. नवा घ्याची घाई कायले?"

बापाच्या दुकानासमोर उभी राहून बापाचंच गिऱ्हाईक तोडत होती. मामा आ वासून जवळ सरकले, मीही सरकले. भाऊंनी आम्हाला दोन्ही हातांनी मागे रेटलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "लांब राहा. बोलून राह्यली ते." त्यांचा आवाज इतका खाली येऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या उन्हाळ्यात लग्न झालं.

आणि मग नियमवाल्या भाऊंनीच नियम मोडला. आठ-आठ दिवसांनी आर्वीची बस धरायची आणि रोहण्याला उतरायचं. आज चिवडा, उद्या लोणचं. शेवटी विहीणबाई एकदा हसतच म्हणाल्या, "व्याही, रुळू द्या ना आता पोरीले." भाऊ परत आले आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले. "खरं हाये त्यायचं, ताई. त्याच कळपाकडं घडी घडी बोट नेऊ नाई, असं लिहेलच होतं तिथं." त्यानंतर ते सणावारालाच जायचे. आर्वीच्या फेऱ्या मात्र चालू राहिल्या. तिकडे पंपांची गिऱ्हाइकं वाढली आहेत, असं सांगायचे. मी विश्वास ठेवला. धंद्याच्या माणसावर आपण तेवढ्यापुरता ठेवतोच.

दोन हजारच्या दशकात कधीतरी, एका दुपारी भाऊ दुकानातच गेले. खुर्चीत बसल्या बसल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी रोहण्याला गेले. बसस्टँडवरच्या चहावाल्यानं मी देवळीची म्हटल्यावर विचारलं, "तिकडले ते इंजिनवाले काऊन नाई येत आता?" मी सांगितलं. त्यानं समोरच्या बाकड्याकडे हात केला. मग म्हणाला, की ते या बाकड्यावर बसायचे. मळ्यातली भाजी इथे टेम्पोत चढते. त्यांची लेक पाटी घेऊन यायची, भाजी चढवायची आणि जायची. ती गेली की ते पुढच्या बसनं परत. हाक मारली नाही कधी.

हे सांगण्यासारखं होतं. मी जवळजवळ धावतच मळ्यात गेले आणि संध्याला सगळं सांगितलं. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. हात थांबले नाहीत तिचे.

"माहीत होतं मले, काकू," ती म्हणाली. "इथून नाल्याकडला रस्ता जवळ पडते मले. टेम्पो स्टँडावर जाच्या आधी तिकडूनच जाते, तिथंच चढवता येते भाजी. मी बाबासाठी स्टँडावर नेत होती. मान वर नाई केली कधी. केली असती तं त्यायनं येणंच सोडलं असतं."

मी तिच्या हाताशी मेथी सरकवली. मग विचारलं, "आणि आता?"

तिनं जुड्या पाटीत रचल्या आणि पाटी उचलली.

"आता मी नाल्याकडूनच जाते. तिकडून काऊन जाऊ?"